रानाच्या कडेची विषवेल

बिब्ब्याचें तेल लागून उठलेले फोड ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना उत्तर अमेरिकेंतील ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल अगदींच परकी वाटणार नाहीं. ती बिब्बा, काजू व आंबा यांच्याच कुळांतली. एका देठावर तीन पानें, खोडाला केसाळ मुळें, आणि अंगांत उरुशिऑल नांवाचें तेल. त्यानें बहुतेक माणसांची कातडी भाजल्यासारखी होते. हरणें मात्र तींच पानें खुशाल खातात, आणि पक्षी फळें खाऊन बिया दूरवर टाकतात.

गर्द सावलींत ही वेल जमिनीलगत खुरटून राहते. तिला हवी रानाची कड, रस्ता, कुंपण. म्हणजे माणूस जेथें कुऱ्हाड चालवितो, तेथेंच ती फोफावते! आतां हवाहि तिला अनुकूल होत आहे. नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठाच्या रानांत सहा वर्षें कार्बन डाय-ऑक्साइड वायूचें प्रमाण मुद्दाम वाढवून ठेविलें होतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें तेथें वेलीची वार्षिक वाढ १४९ टक्क्यांनीं अधिक भरली, व तेलहि अधिक दाहक निघालें. बहुतेक वृक्षांना एवढा लाभ झाला नाहीं. वेलीला स्वतःचें जाड खोड उभारावें लागत नाहीं. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ती आपली कमाई पानांत घालते. कोणी चिडून तिला जाळावयास जावें, तर तेंच तेल धुरावाटे छातींत उतरतें.