कॉलेजची पोरं आलीत!



पावसाळा सुरू झाला, की आमच्या नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं) गावोगावी पाठीला सॅक अडकवलेली मुलं-मुली दिसू लागतात. मुलं ‘कृषीदूत’, मुली ‘कृषीकन्या’. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षात काही आठवडे खेड्यात काम करावं लागतं, तो हा ग्रामीण कृषी कार्यानुभव. 2015 साली केंद्राची ‘स्टुडंट रेडी’ योजना आली आणि हे काम तिच्यात बसवलं गेलं. गावाला त्याचं काही नाही. गाव म्हणतं, ‘कॉलेजची पोरं आलीत.’ राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आम्हाला त्यांचं अप्रूप कमीच.

मी पारनेर तालुक्यातला शेतकरी. ही मुलं ज्यांच्या रानात शिकतात, त्या यजमान शेतकऱ्यांपैकी एक.

एका वर्षी मुलांनी देवळापुढे बाजरीच्या बियाण्याला मिठाचं पाणी दाखवलं. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट दाणे आणि अरगट रोगाच्या काळ्या गाठी हलक्या असतात, त्या वर तरंगतात. त्या काढून जाळायच्या. तळाचं बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. मुलगा पाठ केल्यासारखं भराभर बोलला. टाळ्याही झाल्या.

तेवढ्यात मागून एका आजींनी विचारलं, ‘बाळा, खारट पाण्यातलं बी उगवंल का?’

मुलगा गप्प. उत्तर पुस्तकात होतं, पण आजी पुस्तक थोड्याच वाचणार! मग दोघी कृषीकन्यांनी ओलं गोणपाट मागितलं. एका बाजूला मिठातून काढून धुतलेले शंभर दाणे, दुसऱ्या बाजूला तसेच शंभर. गोणपाट गुंडाळून आजींच्याच ओसरीवर ठेवलं. चौथ्या दिवशी आजींनी स्वतः कोंब मोजले आणि शेजारणींना बोलावून दाखवले. माझ्या मते खरं प्रात्यक्षिक ते. देवळापुढचं नव्हे. घरचं बी निवडणं, पाखडणं, राखून ठेवणं हे बायकांकडेच असतं आणि देवळापुढच्या सभेत त्या मागे उभ्या असतात.

पिशवीतलं संकरित बियाणं बहुधा प्रक्रिया करूनच येतं, त्याला हा खटाटोप नको. घरचं बी पेरणाऱ्यासाठी हे आहे. सोयाबीनलाही हीच गोणपाटाची चाचणी लावा. शंभरांत सत्तर उगवले नाहीत, तर ते बी नेहमीच्या मापानं पेरू नका. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसलाय, त्याला अधिक सांगायला नको.

आता थोडं कडू. पुष्कळदा फलक लागतो, फोटो निघतो, सरपंचांची सही होते आणि संपतं. यात मुलांचा दोष कमी. त्यांना वही भरायची असते आणि वहीला मार्क असतात. ‘आजींनी काय विचारलं’ यासाठी वहीत एखादं पान राखून ठेवलं, तर बरं होईल.

दुसरी अडचण वेळेची. अरगट दिसतो बाजरी फुलोऱ्यात आल्यावर, ढगाळ आणि दमट हवेत. कणसावर गुलाबी, मधासारखे चिकट थेंब येतात. तोवर मुलांचे गावातले दिवस बहुधा सरत आलेले असतात. ज्यानं मीठ दाखवलं, त्याला कणीस दिसतच नाही.

म्हणून त्या मुलाचा नंबर मी घेऊन ठेवला होता. बाजरी निसवल्यावर फोटो पाठवले. दोन कणसांवर चिकटा आला होता, तेही फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला, ‘काका, म्हणजे मीठ वाया गेलं का?’ म्हटलं, ‘नाही रे. बांधापलीकडच्या रानात बघ किती आहे. हवेतून आणि किड्यांच्या अंगावरूनही येतो हा रोग.’

तो म्हणाला, ‘मग शेजारच्या काकांनाही सांगायला हवं होतं.’ पुढच्या रविवारी तो एस.टी.नं आला आणि त्यांच्याशी बोलून गेला.