फुलदाणीचा दुसरा संसार

जुन्या फुलदाण्यांच्या नादी मी कशी लागले, हे सांगायचं तर आधी एक गुन्हा कबूल करावा लागेल. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. नव्या सुनेचा उत्साह, तेव्हा घर साफ करायला काढलं. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या साडीत गुंडाळलेली वीतभर उंचीची एक फुलदाणी सापडली. काळीकुट्ट. मला वाटलं, पितळेची असेल, काजळली असेल. चिंच-मीठ लावून पाहिलं. काळं पूर्ण जाईना, तेव्हा पॉलिश लावलं आणि शेवटी तारेची घासणी घेतली. तासाभराने काळा रंग निघाला, पण खालून सोनेरी पितळ काही आलं नाही. जुन्या बादलीसारखा मळकट राखाडी धातू तेवढा आला.

सासूबाईंनी ती हातात घेतली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काळी होती म्हणून तर चांदी दिसत होती गं."

ती बिदरीची फुलदाणी होती. सासूबाईंचं माहेर उदगीरचं, तिथून बिदर जवळ. बिदरी काम म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, त्यावर नक्षी कोरायची आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. हे सगळं झालं तरी भांडं राखाडीच असतं, चांदी नीट उठून दिसत नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम मिश्रणाने ते माखतात. त्याने धातू काळा पडतो आणि चांदी मात्र पांढरीच राहते. म्हणजे मी जी घाण समजून काढली, ती त्या कारागिराची शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची कामगिरी होती!

त्या दिवसापासून मी जुन्या वस्तूला हात लावण्याआधी थोडी थांबायला शिकले. आज मी तुम्हाला जुन्या फुलदाण्यांपासून घर कसं सजवायचं ते सांगणार आहे. पण त्यातली पहिली पायरी हीच, की आपल्या हातात काय आलंय ते आधी ओळखायचं.

जुनी फुलदाणी मिळते कुठे? बहुतेक वेळा आपल्याच माळ्यावर. एकेकाळी लग्नात फुलदाण्यांची जोडी आहेरात देण्याची पद्धत होती. मुरादाबादी पितळेच्या, त्यावर लाल-हिरवा मीना भरलेल्या. त्यात प्लॅस्टिकची फुलं खोचून ती जोडी शोकेसमध्ये बसायची. घरं लहान झाली, शोकेस गेली आणि जोड्या भंगारात निघाल्या. मुंबईत चोरबाजारात, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या जुन्या बाजारात अशा जोड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. जोडीतली एकच उरलेली असेल तर ती आणखी स्वस्त. कुणी नाकं मुरडतील, की दुसऱ्याच्या घरातलं कशाला आणायचं? त्यांनी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पाहावं. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असं कितीतरी, लोकांच्या रोजच्या वापरातलं. डॉ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरोघर, वाड्यावाड्यांतून हिंडून हे जमवलं म्हणून ते आज आपल्याला बघायला मिळतं.

आता पारख. ती आपल्या सगळ्यांना येते, फक्त लक्षात नसतं. माठ घेताना आपण टिचकी मारतो की नाही? तीच टिचकी चिनी मातीच्या फुलदाणीला मारायची. खणखणीत आवाज आला तर भांडं धड, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला लोहचुंबक लावायचा. चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. घरी आणल्यावर भांड्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद ओला झालेला असेल तर झिरपण कुठून आहे तेही कळतं.

आणि तळ जरूर पाहायचा. कारखान्याचा शिक्का, कारागिराची खूण, साल, जे काही असेल ते तळाशी असतं. फुलदाणी ही साहेबाच्या बंगल्यातली चीज, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. १८७० च्या दशकात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी मातीकामाला चालना दिली. त्याच सुमाराला त्या शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. अजिंठ्याच्या त्या आकृती मग झिलईदार फुलदाण्यांवरही उतरल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या घडणीची भांडी पाहायला मिळतात. आपल्या हाती असं काही लागेल याची शक्यता फार थोडी. पण न पाहताच ऑइल पेंटचा डबा उघडायचा, हे बरं नव्हे.

इथे माझा एक नियम सांगते. जे केलं ते उद्या पुसता, सोडवता, काढता आलं पाहिजे. भोक पाडलं की बुजत नाही. झिलईवर रंग चढवायचा तर आधी पॉलिश पेपरने ती खरवडावी लागते, नाहीतर महिन्याभरात रंगाचे पोपडे निघतात. आणि एकदा खरवडली की मूळची चमक गेलीच. शिवाय फार जुन्या रंगात आणि झिलईत शिसं असू शकतं. त्याची धूळ घरात उडवू नये, आणि तसल्या भांड्यात खाण्याचं काही ठेवू नये. रंगवायची हौस असेल तर साधी मातीची, रोजच्या बाजारातली फुलदाणी घ्यावी. तिला गेरू लावावा, वर पांढऱ्या रंगात नक्षी काढावी. ती छान दिसते आणि कुणाचं नुकसानही होत नाही.

सफाईचंही तेच. साध्या पितळेला चिंच आणि मीठ चालतं, पण मीना भरलेल्या पितळेला ओल्या मऊ फडक्यापलीकडे काही लावू नये. काही पितळी वस्तूंवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तिथे चिंच कितीही चोळा, काही होत नाही. तेव्हा ती जोरात घासत बसू नये. काचेच्या अरुंद गळ्याच्या फुलदाणीत हात जात नाही, तिच्यात कोमट पाणी, थोडं व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून हलवत राहायचं. पांढरे डाग सुटतात. पाणी कोमटच हवं, कढत पाण्याने जुनी काच तडकते.

आता काही प्रयोग, माझ्या घरात झालेले.

एक होती लोणच्याची बरणी. वर पिवळसर, खाली तपकिरी, झाकण हरवलेलं आणि पोटाला तडा गेलेला. लोणच्याला निरुपयोगी. तडा बुजवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. आत काचेची एक उंच बाटली ठेवली, बाटलीत पाणी आणि पाण्यात निशिगंधाच्या दांड्या. बाहेरून दिसते बरणीच. झिरपणाऱ्या कुठल्याही भांड्याला हा उपाय लागू पडतो. आत पेला ठेवा, बाटली ठेवा, भांड्याला धक्का लावू नका.

दुसरी एक उंच, जड बुडाची चिनी मातीची फुलदाणी. तिचा मी टेबललँप केला. दुकानदार म्हणाला, बुडाला भोक पाडून देतो. मी नको म्हटलं. तोंडात घट्ट बसेल असं लाकडी बूच सुताराकडून करून घेतलं, त्यावर होल्डर बसवला आणि वायर बुचाच्या कडेने बाहेर काढली. कलंडू नये म्हणून तळाशी वाळू भरली. एलईडी बल्ब फारसा तापत नाही, त्यामुळे कापडाची शेडही चालते. उद्या कंटाळा आला तर बूच काढलं की फुलदाणी परत फुलदाणी. मात्र धातूच्या भांड्याचा दिवा करायचा असेल तर अर्थिंगची तिसरी तार आणि तीन पिनांचा प्लग हवाच, आणि ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. इथे हौस नको.

तिसरी काचेची, कडेला टवका उडालेली. टवक्याची धार पॉलिश पेपरवर पाणी घेऊन बोथट केली आणि गळ्याभोवती सुतळी गुंडाळली. साधा पांढरा गोंद पाण्याने सुटतो, हा इथे दोष नसून सोयच आहे. फक्त ती बाजू ओली होऊ द्यायची नाही. तिच्यात मी ज्वारीची वाळलेली कणसं ठेवते. लव्हाळ्याचे तुरे, कापसाची बोंडं, हेही फार सुंदर दिसतं आणि महिनोन् महिने टिकतं.

फुलं किंवा मनी प्लँट पाण्यात ठेवत असाल तर एक पथ्य पाळा. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा तरी फुलदाणी रिकामी करून आतून ब्रशने घासायची.

आता एका फुलदाणीची गोष्ट सांगते, जिच्यावर मी काहीच केलं नाही. जुन्या बाजारात पितळेची एकटीच फुलदाणी मिळाली. तळाशी टोचणीने अक्षरं काढलेली. एका मुलीचं नाव, 'शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट', खाली मैत्रिणींची नावं आणि १९७२ साल. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता. तशा दिवसांत पाच मैत्रिणींनी वर्गणी काढून ही घेतली असणार.

दुकानदाराला वाटलं, त्या नावामुळे मी घुटमळतेय. म्हणाला, "ताई, नाव घासून देतो. बफिंगला पाच मिनिटं लागतील."

माझ्या डोळ्यांपुढे तारेची घासणी आली. मी म्हटलं, "आहे तशीच द्या."

ती आता आमच्या दाराजवळ असते. पुसताना उलटी केली की सहा नावं दिसतात. यांपैकी कुणालाही मी ओळखत नाही. ही फुलदाणी बाजारात कशी आली, तेही मला ठाऊक नाही. घर बदललं असेल, वाटण्या झाल्या असतील, कदाचित त्या बाई आता नसतील. उद्या माझ्याही फुलदाण्या अशाच कुणाच्या तरी हाती जातील. त्या हाताने दोन मिनिटं थांबून तळ पाहावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात मांडायची म्हणजे तिचा पहिला संसार पुसून टाकायचा, असं थोडंच आहे?

राहिली सासूबाईंची बिदरी. बरीच वर्षं ती राखाडीच राहिली. मग एकदा बिदरला जाण्याचा योग आला, तेव्हा पिशवीत घालून घेऊन गेले. कारागिराने ती फिरवून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. त्याने ती साफ केली, गरम केली, मातीचा लेप लावून चोळली आणि धुतली. बघता बघता राखाडी गेली, काळा रंग आला आणि चांदीची वेल वर आली. वरून तेलाचा हात फिरवला. एका जागी मात्र पान नव्हतं. माझ्या घासणीने तिथली सैल झालेली तार निघून गेली असावी. नवी बसवू का, असं त्याने विचारलं. आधी सासूबाईंना विचारते, म्हणून मी तशीच आणली.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. नजर अधू झालेली. त्यांनी फुलदाणी मांडीवर घेतली आणि वेलीवरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"इथं एक पान कमी आहे."

"हो. ते माझ्यामुळे गेलं."

क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "राहू दे तसंच. तुझीही काही खूण हवी की तिच्यावर."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)