लक्ष्मीबाईंनी घेतलेला वेळ

धर्मांतराचा विषय निघाला की आमच्या वाशीमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो, 'कोणी करवलं?' मला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक आठवतात. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, प्रोटेस्टंट झाले. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, चिडल्या. पुढे पतीकडे आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवला आणि मग काही वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे हसत-रडत सांगितलंय. टिळकांनी वाट पाहिली. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. दोघांचा धर्म बदलला, मराठी तीच राहिली, याचंही मला अप्रूप. श्रद्धा ज्याची त्यानं ठरवावी. घरच्यांनी तेवढा वेळ द्यावा.