माळ्याची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी घरगुती विषयावर बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठे विषय मी घेत नाही. सध्या आमच्या घरी माळ्याची खोली होत आहे, तेच सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी असा माळा आहे.

माझे माहेर पेणचे. तिथे माळा म्हणजे गणपतीच्या कारखान्याची कोठी. साचे, फळ्या, रंगवायच्या राहिलेल्या मूर्ती, सगळे वर. तिथे कुणी राहत नाही, म्हणून उंचीची अडचण नाही. रोह्याला सासरी आले आणि पाहते तो माळ्यावर आमचेच अंथरूण! पूर्वी तिथे भात आणि सरपण असे. माणसे वाढली तेव्हा मामंजींनी तक्तपोशी नीट करून घेतली, एक खिडकी पाडली आणि माळ्याला खोली म्हणू लागले. आढ्याखाली उंची सात फूट, वळचणीकडे साडेतीन. चोवीस वर्षे मी वाकून साडी नेसले आहे. चैत्रात कौलांची धग थेट डोक्यावर. बाळंतपणात तो शिडीसारखा जिना उतरवेना, म्हणून सव्वा महिना स्वयंपाकघरात निजले.

आता मुलाचे लग्न ठरले. घरात मत पडले की माळ्याला रंग देऊ, पंखा लावू. मी म्हटले, सून वर राहायची असेल तर तिला ताठ उभे राहता येईल अशी खोली करा. नाहीतर आम्ही दोघे आहोत तिथेच राहतो आणि खालची ओटी बंद करून तिला द्या. दोन दिवस घरात कुणी नीट बोलले नाही. मग यजमान इंजिनियरला घेऊन आले.

तक्तपोशी खाली घ्यावी तर खालचे घर ठेंगणे होते, म्हणून छप्परच वर न्यायचे ठरले. राहण्याच्या खोलीला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फुटांवर थोडी उंची लागते. उतरत्या छपराला ती सरासरीने धरतात. चार फूट उचलल्यावर मध्ये अकरा, कडेला साडेसात, सरासरी सव्वानऊ होते. मला वाटले, भिंतीवर चार फूट विटा चढवल्या की झाले. पण इंजिनियरांनी आधी भिंतीलगत खणून पाया पाहिला आणि जुन्या भिंतीवर एक वीटही वाढवू नका म्हणाले. जमिनीपासून सिमेंटचे खांब, वर चारी बाजूंनी पट्टा, आणि छपराचा भार त्यावर. नकाशा नगरपरिषदेत देऊन परवानगी काढली. त्यात वेळ गेला, पण ते टाळू नये.

छप्पर उंच झाले की वाराही जास्त लागतो. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ इथे कुणाला आठवत नाही? ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वारा होता. शेजारचे पत्रे आमच्या परसात येऊन पडले, आमची अर्धी कौले गेली आणि माळ्यावरच्या गाद्या पिळून काढाव्या लागल्या. म्हणून या वेळी पट्ट्यात बोल्ट रोवून लाकूडकाम त्याला आवळले आणि वळचणीची व आढ्याची कौले तारेने बांधली. मुलगा पत्रे घाला म्हणत होता. पत्रा उन्हात तापतो आणि आपल्या पावसात त्याखाली बोलणे ऐकू येत नाही. नव्या नवरानवरीला काय हातवारे करून बोलायचे? मंगलोरी कौलेच ठेवली. खाली फळ्यांचे छत, मध्ये पोकळी आणि दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे धग बाहेर जाते. दोन कौले काचेची घातली आहेत. त्यांच्याखाली फळ्यांत खिडकीएवढा चौक ठेवला, म्हणून उजेड खोलीत उतरतो.

पुरुषमाणसे एवढ्यावर थांबली होती. जिन्याचे कुणी काढले नव्हते. चढायची उंची साडेनऊ फूट. सात इंचांची एक पायरी धरली तर सोळा वेळा पाय उचलावा लागतो, आणि दहा इंच पाऊल ठेवायला म्हटले तर साडेबारा फूट जागा जाते. ती कुठून आणायची? ओटीवर सासूबाईंचा झोपाळा होता, नेमक्या त्या जागेतून. त्यांना विचारायचे धाडस कुणी करेना, शेवटी मीच विचारले. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणात जिना असता तर बरे झाले असते." दुसऱ्या दिवशी मात्र, "माझा झोपाळा पडवीत टांगणार तो कड्या नव्या घालून, जुन्या कुरकुरतात," एवढे बजावले.

आता कौले चढली आहेत. जिन्याचा कठडा आणि छताच्या फळ्या बाकी आहेत, सुतार होळीपर्यंत देतो म्हणतो. लग्न वैशाखात आहे. ज्यांना आपल्या माळ्याचे मनात असेल त्यांनी आत्ताच येऊन पाहावे, फळ्या लागल्यावर आतले बोल्ट दिसणार नाहीत.