डायचा टवका



अध्यक्षाने आपल्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या धंद्याच्या भवितव्यावर बोलावं, अशी प्रथा आहे. सुट्या भागांचे भाव, दुरुस्तीचा हक्क, कंपन्यांची अरेरावी, या विषयांवर पुढच्या सत्रांत बोलणं होईलच. मला बोलायचं आहे ते लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावर. तो पुष्कळदा आपल्याच टेबलावर तुटतो.

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं. लॅपटॉपमध्ये जाडी वाचवायची म्हणून ते नसतं. डाय, म्हणजे चिपचा सिलिकॉनचा तुकडा, उघडा आणि हीटसिंक थेट त्याच्यावर. जुन्या मंडळींना २००० सालच्या सुमाराचा एएमडीचा ॲथलॉन आठवत असेल. तोही उघडाच होता. चार कोपऱ्यांना रबरी ठिपके लावलेले, तरी कूलर बसवताना डायचे कोपरे उडायचे. २००३ मध्ये ॲथलॉन ६४ झाकण घालून आला आणि डेस्कटॉपवाले सुटले. आपण अजून तिथेच आहोत.

डाय ज्यातून कापतात तो ३०० मिलिमीटरचा वेफर मुळात ०.७७५ मिलिमीटर जाड. सिलिकॉन वाकत नाही, काचेसारखं तडकतं. सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडलेला दाब ते सोसतं, पण तोच दाब एका कडेवर आला की टवका निघतो. सर्किट डायच्या खालच्या अंगाला असतं, त्यामुळे पाठीवरचा बारीक ओरखडा बहुधा निभावतो. टवक्यापासून निघालेली भेग मात्र तापण्या-थंडावण्यात आत सरकू शकते. म्हणून असा बोर्ड आपल्यासमोर चालू होतो, बिल फाटतं आणि काही दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात.

टवका उडतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पेस्ट वाळून हीटसिंक चिकटलेला असतो आणि घाईत स्क्रूड्रायव्हर खाली घालून तो उचकटला जातो. आधी थोडी ऊब द्यावी, हीटसिंक अलगद इकडेतिकडे फिरवावा, सुटला की सरळ वर घ्यावा. दुसरं ठिकाण बसवतानाचं. स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे शोभेला छापलेले नसतात. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की सगळा भार एका कडेवर जातो. चारही थोडे थोडे, आळीपाळीने. बोर्डावरच्या काही चिमुकल्या चिप्स तर खाली सोल्डरचे बॉल लावलेलं नुसतं सिलिकॉन असतात, बाहेरचं कवच नाही. चिमट्याचं टोक जोरात लागलं तरी कड फुटते.

कंपनीचा दोष असेल तिथे कंपनीचंच नाव घ्यावं. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या सदोष ग्राफिक्स चिप्ससाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. कच्चेपणा चिपच्या आत, डाय आणि सबस्ट्रेटच्या मधल्या जोडात होता. आपल्यातल्या अनेकांनी मात्र खालचे बॉल बदलून रिबॉलिंगचे पैसे घेतले. गरम केल्यावर चिप काही काळ जागी व्हायची, एवढंच. ती दुरुस्ती नव्हती, हे या व्यासपीठावरून म्हटलं गेलं पाहिजे.

तिथे न केलेली दुरुस्ती बिलावर चढली. टवक्याच्या बाबतीत आपल्या हातून झालेलं नुकसान बिलावर चढतच नाही. ‘आयसी गेला’ एवढंच लिहून मोकळे. कसा गेला, कुणाच्या टेबलावर गेला, याचा पत्ता नाही.

माझी सूचना साधी आहे. हीटसिंक काढून पेस्ट पुसली की डायच्या चारही कडांचा मायक्रोस्कोपखाली फोटो. बसवण्याआधी पुन्हा एक. दोन्ही गिऱ्हाइकाला पाठवायचे. पहिल्या फोटोत कड शाबूत आणि दुसऱ्यात टवका असेल, तर मजुरी आणि चिप दुकानाच्या खात्यावर. ‘दुकान बुडेल’ म्हणणाऱ्यांना सांगतो, आधीच्या दुकानात फुटलेला डाय आपल्याकडे येतो तेव्हा पहिला फोटोच आपली बाजू राखतो. शिकाऊ पोरांनाही गिऱ्हाइकाचा बोर्ड देण्याआधी भंगारातले बोर्ड उघडायला आणि बसवायला द्या, तेही फोटोसकट.

या सूचनेचा ठराव अध्यक्षाने स्वतः मांडू नये, म्हणून सभागृहातून कुणीतरी तो मांडावा. विरोध असेल त्यांनी आजच बोलावं; मी वेळ राखून ठेवला आहे.