नव्या धंद्याची कल्पना कोठून येते?



आम्ही शाळेची पायरी लवकर उतरलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. अशा युनियनच्या माणसाला चालकांनी उद्योजकांच्या कल्पकतेवर बोलायला उभे केले, यात त्यांचा थोडा मिश्किलपणा दिसतो. परंतु विषय आम्हाला आवडला. कारण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उभे आयुष्य घालवताना नव्या कल्पना जन्मताना आम्ही पाहिल्या आहेत.

लोकांचा समज असा, की कल्पना एखाद्या हुशार डोक्यात आकाशातून पडते. आमचा अनुभव निराळा आहे. कल्पनेला गरज ओळखणारा डोळा लागतो, आणि ती गरज वस्तूत उतरवणारा हातही लागतो. दोन्ही एकत्र आले तरच धंदा उभा राहतो.

आपल्या टॉवेलचेच पाहा. हेन्री ख्रिस्ती नावाचा इंग्रज 1850 च्या सुमारास तुर्कस्तानात गेला. तेथे त्याने अंगावर सुताचे फासे उठलेले, हातमागाचे टॉवेल पाहिले. ते साध्या कापडापेक्षा पाणी जास्त टिपतात, हे त्याच्या ध्यानी आले. नमुना घेऊन तो घरी परतला. पण नमुना म्हणजे धंदा नव्हे! ते फासे यंत्रावर उठवायचे कसे, हे कोडे त्यांच्याच कंपनीत नोकरीला असलेल्या सॅम्युअल होल्टने सोडवले, आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात तो टॉवेल जगापुढे आला. पाहिले मालकाने, साधले होल्टने. एका बीमचा ताणा ताठ ठेवायचा, दुसऱ्याचा सैल सोडायचा. आडवे धागे पडून फणीचा ठोका बसला की सैल धाग्याचा फास उठतो. आपल्या वसाहतीतला मागवाला हे रोज करतो.

सोलापूरची कहाणी याहून वेगळी नाही. मोरारजी गोकुळदासांनी 1877 मध्ये येथे गिरणी काढली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या. यंत्रे भंगारात गेली, पण हात भंगारात गेले नाहीत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत माग होतेच. हातमागाचा यंत्रमाग झाला, त्यावर जॅकार्ड चढले, आणि सोलापुरी चादर देशभर गेली. चादरीवर पानिपतची स्पर्धा आली, तेव्हा टॉवेलने हात दिला. आता गणवेशाची शिलाई वाढते आहे. दर वेळी नवा धंदा जुन्याच हातांतून निघाला.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात टॉवेल शिवणाऱ्या एक बाई होत्या. डागी माल कोपऱ्यात साचे. बाईंनी डाग कापून टाकला, चांगल्या तुकड्यांचे हातरुमाल शिवले आणि मालकांना दाखवले. मालकांनी ते एका हॉटेलवाल्याकडे नेले. वर्षभरात त्या रुमालांसाठी निराळे माग लागले! मालकांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. गिऱ्हाईक त्यांनी शोधले, सुताचे पैसे त्यांचे अडकले, माल पडून राहता तर झोप त्यांचीच उडाली असती. परंतु बाईंना मिळाली ती डझनावरची मजुरीच. करारात आम्ही तो मुद्दा काढला. मालक म्हणाले, "कल्पनेचा दर कोणत्या कायद्यात आहे?" नव्या नगाला शिलाई थोडी वाढवून मिळाली; बाईंचे नाव मात्र कोठेच लागले नाही. पुढे त्या कारखान्यात कोणी काही सुचवल्याचे आम्ही ऐकले नाही. तोटा कोणाचा झाला, हे आपणच ठरवा.

म्हणून नव्या धंद्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे : परत आलेला माल उलगडून पाहा. गिऱ्हाइकाची तक्रार मध्येच तोडू नका. रात्रपाळीत जॉबरशेजारी तासभर उभे राहा. आधी थोडा माल काढून बाजारात दाखवा, मग कर्ज काढा. आणि ज्याच्या हाताने कल्पना साधली, त्याचा वाटा पहिल्या दिवशीच ठरवा.

शेवटी एक जड गोष्ट. 18 मे 2025 च्या पहाटे आपल्याच वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार मिळून 8 माणसे गेली. त्याच्या कारणांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु मालक-मजुरांचे हित किती ठिकाणी एक असते, हे त्या दिवशी आम्हालाही नव्याने कळले. सूत म्हणजे सरपणच. अशा प्रत्येक शेडला दुसरा दरवाजा असावा, वाटेत गठ्ठे नसावेत, रात्री तेथे कोण झोपतो याची नोंद असावी. ही कल्पना सुचायला कोणाला तुर्कस्तानला जावे लागत नाही. सोलापूरच्या उद्योजकांनी पुढची कल्पना शोधताना आधी एवढी अमलात आणावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.