मूर्तीची निगा आणि देहाची निगा
(मारुती मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



मी कीर्तनकार नाही आणि वैद्यही नाही. या तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या शाळांतून चौतीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस. तेव्हा माझ्याकडून मोठ्या वेदान्ताची अपेक्षा करू नये.

परवा जुनी मूर्ती हलविण्यापूर्वी कलाकर्षणाचा विधी झाला, तो आपण पाहिलात. दगडातील देवत्व मंत्राने कलशातील पाण्यात घेतले, आणि मग तडा गेलेली ती जुनी मूर्ती तापीमाईच्या डोहात सोडली. शेंदराची पुटे सुटून पडू लागली तेव्हा कित्येक म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला. आपणा सर्वांनाच एक दिवस असे जायचे आहे. येथून प्रकाशा काही दूर नाही. संगमावर अस्थी घेऊन कोण गेला नाही?

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. देवत्व निघून जाणार होते म्हणून त्या मूर्तीला आपण कधी पावसात ठेवले काय? छप्पर गळू लागले तेव्हा पुजारीबुवांनी रात्रभर तिच्यावर घोंगडी धरल्याचे वडील सांगत. विसर्जन ठरले, ते तडा आरपार गेल्यानंतर. माणसाच्या देहाविषयी मात्र आपण उलटे वागतो. देह नाशिवंत आहे हे वाक्य आपल्याला औषध घेण्याच्या वेळेसच बरोबर आठवते!

विनोबाजींची 'गीता प्रवचने' आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. ती आपल्या खानदेशातच, धुळ्याच्या तुरुंगात झाली. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. आत्मा आणि देह निराळे, हे त्यांनी तिथे समजावून दिले. तेच विनोबा 1938 साली फार खंगले होते. गांधीजींनी प्रकृतीकडे लक्ष देण्यास बजावले तेव्हा ते पवनारला गेले, डोक्यातील सारी कामे धाम नदीच्या अलीकडे ठेवली, आणि रोज थोडे थोडे खणण्याचे श्रम वाढवीत प्रकृती सुधारून घेतली. पुढे 1982 च्या नोव्हेंबरात, वयाच्या 87 व्या वर्षी, हृदयविकाराने घेरल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले आणि 15 तारखेस देह ठेवला. त्यांच्या त्या शेवटाविषयी मतभेद असतील; तसे करावे असे मी कोणाला सांगणार नाही. पण चाळिशीतला देह त्यांनी सोडून दिला नव्हता, एवढे मला दिसते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात डोंगराकडचा एक मुलगा होता. हिवाळा आला की गैरहजर. आला तर गुडघे धरून बसे, डोळे पिवळट. मी त्याला कामचोर म्हणत असे आणि बाकावर उभे करीत असे. घरच्यांनी अंगारे-धुपारे केले. आठवीत असताना तो गेला. मी त्याच्या झोपडीपुढे उभा राहून आत्मा अमर असल्याचे सांगितले. त्याच्या आईने ऐकून घेतले, काही बोलली नाही. आयुष्य तेवढेच होते, असे जमलेले सगळे म्हणाले, आणि मीही तेच म्हणालो.

पुढे एका शिबिरात सिकलसेलची लक्षणे डॉक्टरांनी फळ्यावर लिहिली, तेव्हा तो मुलगाच डोळ्यांपुढे आला. तपासणी न होता तो गेला, त्यामुळे खात्रीने बोलता येत नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. म्हणून सांध्यांत कळा, रक्त कमी, डोळे पिवळे. तहान, थंडी, ताप, अतिश्रम यांनी कळ उठते. आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा बांधवांत तो बराच आढळतो. इतर समाजही त्यातून सुटलेले नाहीत. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, भुताटकीही नव्हे. हिवतापाच्या मुलखात या दोषाच्या वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असे, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो, शेत नांगरतो, कुस्ती मारतो, त्याला पत्ताही नसतो. परंतु नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. तेव्हा सोयरीक जुळविताना हुंडा-मानपानाची बोलणी तासन्‌तास चालतात, त्यात दोन्हीकडचे रक्त तपासल्याचे कागदही मागावेत. त्यात लाज कसली?

आजार निघाला तरी हात टेकू नयेत. भरपूर पाणी, थंडीत ऊबदार कपडे, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध. याने कळा पुष्कळ कमी होतात. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारने यासाठी देशव्यापी मोहीमही सुरू केली आहे.

आपल्या तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1938 पूर्वी गोरगरीब आदिवासींना दारू सोडा, रोज स्नान करा, एकमेकांना 'आप' म्हणा असे शिकविले. अंगाची स्वच्छता आणि माणसाचा मान त्यांनी देवाच्या आरतीबरोबरच ठेवला. त्यामुळे रक्ततपासणीसारखा विषय मंदिराच्या मंडपात कशाला, असे कोणाला वाटत असल्यास मला तसे वाटत नाही.

शाळेच्या ओसरीत आरोग्य केंद्राच्या ताई बसल्या आहेत. बोटाला जरासे टोचून दोन थेंब घेतात. पहिली तपासणी सदोष आली तर पक्की तपासणी पुढे होते. महाप्रसादाच्या पंगतीला अजून अर्धा तास आहे. लग्नाच्या वयाची मुले-मुली आधी जावोत. माझी नात आत्ताच तिकडे गेली आहे, आणि तिच्यामागे मीही रांगेत उभा राहणार आहे.